नाताळच्या सुट्टीत ऊन हवंय: दुबई की अबू धाबी?

आमच्या कोथरूडच्या घरात दरवर्षी हाच वाद होतो. हवेचा मुद्दा निकालात काढू: दोन्हीकडे डिसेंबरात दिवसा साधारण 25 अंश, रात्री गारवा. अंतरही फक्त 140 किलोमीटरच्या आसपास.

फिरणं सोपं दुबईत. 2009 पासून मेट्रो आहे, त्यामुळे दरवेळी टॅक्सी लागत नाही. खाडी ओलांडायला अब्रा, म्हणजे लाकडी होडी, भाडं 1 दिरहम. मुलांना 828 मीटरच्या बुर्ज खलिफापेक्षा हीच सफर जास्त आवडते, असं माझं ठाम मत आहे. बुर दुबईत शाकाहारी थाळी, डोसा सहज मिळतो. आजीच्या जेवणाची चिंता नको. पण नाताळ ते नववर्ष हॉटेलांचे दर चढतात आणि गर्दीही प्रचंड.

अबू धाबीत मेट्रो नाही, पण निवांतपणा आहे. कॉर्निशचा किनारा स्वच्छ, पाणी संथ. लहानग्यांसाठी मी डोळे झाकून तोच निवडेन. शेख झायेद मशिदीत प्रवेश मोफत; नोंदणी आधी करा, अंगभर कपडे घाला. 2017 मध्ये उघडलेल्या लूव्र संग्रहालयात 18 वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

पाच वर्षांखालची मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील, तर मुक्काम अबू धाबीत ठेवा, दुबई एका दिवसात बघा. मुलं मोठी असतील तर उलट करा. समुद्रात मात्र दुपारीच उतरा, जानेवारीत पाणी गार लागतं. वाळवंटातल्या संध्याकाळसाठी पुण्यातला स्वेटर बॅगेत हवाच.