गेन नऊवर की तीनवर: गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पच्या दोन मांडण्या

गेन म्हणजे अ‍ॅम्पच्या सुरुवातीला सिग्नल किती वाढवायचा, मास्टर म्हणजे शेवटी एकूण आवाज किती. नॉब घड्याळासारखा वाचायचा. मांडणी एक: गेन नऊवर, मास्टर दोनवर. मांडणी दोन: गेन तीनवर, मास्टर आठवर, म्हणजे जेमतेम उघडलेला.

पहिलीत मुख्य काम स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबचं, ईएल८४ किंवा ईएल३४ चं. तार हळू छेडली तर स्वच्छ, जोरात मारली तर खरखरीत. गिटारचा व्हॉल्यूम (दहापैकी) सहावर आणला की अ‍ॅम्प आपोआप निवळतो, पेडल लागत नाही. अडचण एकच, दणदणाट. दोन ईएल८४ वाला १५ वॉटचा अ‍ॅम्प दादरच्या वन-बीएचकेत रंगात येईपर्यंत शेजारी दारात उभे असतात. रात्री १० नंतर निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल, त्यात हे बसतच नाही. ५ वॉटचा घेऊन सुटका होईल, असंही नाही; १५ वरून ५ वॉटवर फरक जेमतेम ५ डेसिबलचा.

दुसरीत प्रीअ‍ॅम्पच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, १२एएक्स७ ट्यूबच सिग्नल चेपतात, म्हणून बारीक आवाजातही डिस्टॉर्शन (खरखर) मिळतं. घरी एकट्याने वाजवताना ते भरदार वाटतं आणि तिथेच फसगत होते. हळू आणि जोरात मारलेला स्ट्रोक जवळपास सारखाच ऐकू येतो. जॅमरूममध्ये ड्रम-बेस सुरू झाले की गिटार गायब. सिंगल कॉइल पिकअपची गुणगुणही गेनसोबत वाढते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर अर्ध्यावर असेल तर भुणभुण वेगळी. आधी पंखा बंद करून बघा, मग अ‍ॅम्पला दोष द्या.

जास्त गेनवर जाड तारा गढूळ होतात. फेंडर पद्धतीच्या सर्किटमध्ये टोन कंट्रोल सुरुवातीलाच असतात, त्यामुळे बेस कमी केला की डिस्टॉर्शनच साफ होतं. मार्शल पद्धतीत ते गेननंतर येतात. तिथे बेस कमी करून चेपलेला सूर नुसता बारीक होतो. अशा अ‍ॅम्पपुढे ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह शून्य, लेव्हल तीनवर, आणि अ‍ॅम्पचा गेन बारापर्यंत उतरवा. हे पेडल सिग्नल चेपला जाण्याच्या (क्लिपिंगच्या) आधीच खालचा भाग कापतं.

आमचा कौल: गेन घरी अकरा-बारा, बँडसोबत दहा. ओपन जी कॉर्ड सावकाश वाजवा. सहाही तारा सुट्या ऐकू येईनात तर गेन अजून खाली. जास्त गेनवर शिट्टी येत असेल तर पहिल्या १२एएक्स७ वर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा टणत्कार आला तर ती ट्यूब बदला.

घरातच पहिली मांडणी हवी असेल तर अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे आवाज उतरवणारा डबा, लागतो. ८ ओहमच्या जॅकला ८ ओहमचाच घ्या आणि जोडायला स्पीकर केबल वापरा, गिटारची नव्हे. स्पीकर किंवा लोड न जोडता अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.