गुडघ्याचा ब्रेस, अंगठ्याची स्प्लिंट आणि पोळीभाजी केंद्र : श्रावण ते वैशाख वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, कारण बरेच जण तेवढ्यासाठीच वाचतात. तीन वस्तू वापरल्या. गुडघ्यावर चढवायची निओप्रीनची (रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या जाड कापडाची) नी कॅप, बाजूला बिजागरी असलेला अनलोडर ब्रेस आणि अंगठ्याच्या बुडाला धरून ठेवणारी प्लास्टिकची स्प्लिंट. नी कॅप बरी. ब्रेस चांगला, पण ठरावीक कामापुरता. स्प्लिंट मात्र हातात पीठ-कणीक असणाऱ्या कुठल्याही बाईला मी आग्रहाने घ्यायला सांगेन.

माझं दादरला पोळीभाजी केंद्र आहे. पहाटेपासून दुपारचे डबे जाईपर्यंत सगळं काम उभ्याने. घर लालबागला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वय पंचावन्नच्या पुढे. उजव्या गुडघ्याचा एक्स-रे डॉक्टरांनी मुद्दाम उभं करून काढायला लावला. झोपून काढला तर हाडांमधली फट खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते, भार पडला की ती किती राहते ते कळतं. आतल्या बाजूची फट बरीच कमी झालेली, झिजेच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी. बाहेरची बाजू ठीक. हे तपशिलात सांगते, कारण अनलोडर ब्रेस याच प्रकारच्या गुडघ्यासाठी असतो. मांडी आणि पोटरी एका बाजूने धरून तो गुडघ्याला दुसऱ्या बाजूने रेटा देतो, म्हणजे झिजलेल्या बाजूवरचा भार थोडा हलका होतो. गुडघा सगळीकडून सारखाच झिजला असेल किंवा दुखणं वाटीखालचं असेल, तर त्यावर खर्च करण्याआधी डॉक्टरांना दोनदा विचारा. हा ब्रेस काही हजारांत जातो. नी कॅप काहीशे रुपयांत येते.

नी कॅपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऊब मिळते, गुडघा धरल्यासारखा वाटतो, पाय टाकताना धीर येतो. भार वगैरे ती काही उचलत नाही. पौष-माघात पहाटे दुकान उघडताना घालत होते. गॅससमोर ती नकोच. आणि पावसाळ्यात धुतली की दोन-दोन दिवस वाळत नाही, चाळीच्या गॅलरीतही नाही. घ्यायचीच असेल तर दोन घ्या.

आता ब्रेस. पहिले काही आठवडे रोज शिव्या दिल्या. माझी मांडी वर जाड आणि गुडघ्याकडे एकदम निमुळती, त्यामुळे अख्खा सांगाडा तासाभरात खाली उतरायचा. बिजागरी वाटीच्या मध्याशी यायला हवी. ती घसरली की ब्रेस नुसता काचतो, काम काहीच करत नाही. फिजिओंनी दोन गोष्टी सुधारून दिल्या. पट्टे उभ्याने न बांधता खुर्चीत बसून, गुडघा किंचित वाकवून बांधायचे आणि आधी पोटरीचा, मग मांडीचा. आतून पातळ सुती लेगिंग. त्यानंतर घसरणं निम्म्याने कमी झालं. पूर्ण थांबलं नाही. साडीखाली तो लपतो, पंजाबी ड्रेसमध्ये फुगवटा दिसतो. मला त्याचं काही नाही, पण लग्नकार्याला विचारणारे विचारतातच.

मी तो भाजी आणायला जाताना, दादरचा पूल चढता-उतरताना आणि डब्यांच्या घाईच्या वेळेत घालते. या वेळांना फरक चोख आहे. पूल उतरताना आत जी कळ यायची ती बरीच कमी, आणि गर्दीत कुणी धक्का दिला तर गुडघा बाजूला कलंडेल ही भीती गेली. घरी आले की काढते. रात्री घालत नाही. मांडी घालून बसता येत नाही, बसमध्ये बराच वेळ पाय दुमडून बसलं की मागची बाजू चिमटते. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामोळं आलं तेव्हा काही दिवस बंदच ठेवला होता. मधुमेह असणाऱ्यांनी काढल्यावर रोज त्वचा बघावी, पट्ट्याखाली कधी कातडं सोलवटतं ते कळत नाही. पोटरी सुजली किंवा पाय बधिर झाला तर ब्रेस काढून सरळ डॉक्टरांकडे.

झीज भरून येते का, असं शेजारणी विचारतात. नाही. ब्रेसने कूर्चा उगवत नाही. माझ्या बाबतीत त्याचं काम एवढंच, की दुखणं थोडं आवरलं आणि व्यायाम करता यायला लागला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबून धरणे, पाय सरळ उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे न करता नुसता ब्रेस बांधून फिरणाऱ्या दोन बायका माझ्या ओळखीत आहेत, दोघींचे ब्रेस आता कपाटावर आहेत. ब्रेस कुणाला द्यावा, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, चालणं किंवा गुडघ्याची स्थिरता बिघडलेल्यांना ब्रेसची ठाम शिफारस आहे. ब्रिटनमधल्या २०२२ च्या सूचना म्हणतात, सरसकट देऊ नका, गुडघा अस्थिर असेल किंवा त्यावर भार वेडावाकडा पडत असेल आणि त्यावाचून व्यायाम जमत नसेल तरच द्या. मला ब्रिटनवाल्यांचं जास्त पटतं.

अंगठ्याकडे मात्र इतकी वर्षं कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा धरून. कणीक तिंबून, झाकणं फिरवून अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या जरा वर, सांधा झिजला होता. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर त्या सांध्यावर साधारण बारा पट भार येतो, असं माझ्या भाचीने सांगितलं. ती ऑक्युपेशनल थेरपी शिकते, म्हणजे दुखऱ्या हातापायांनी रोजची कामं कशी जमवायची ते शिकवणारे उपचार. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा! थेरपिस्टने गरम पाण्यात मऊ केलेलं प्लास्टिक माझ्या हातावरच बसवून स्प्लिंट करून दिली. अंगठ्याचं वरचं पेर मोकळं, बूड जागच्या जागी. दुकानात तयार कापडी पट्टे मिळतात, पण ते ओले होतात आणि त्यात पीठ अडकतं. ही साबणाने धुऊन पुसली की झालं, फक्त गॅसजवळ ठेवायची नाही, आकार बिघडतो.

स्प्लिंट घालून भाजी चिरता येते, परात आणि डबे उचलता येतात. पोळी लाटता येते, पण हात मंद चालतो. कळ्या पाडता येत नाहीत. गणपतीत ते काम मी मुलींवर सोपवलं आणि स्वतः सारण-उकड बघितली. कणकेला आता मशीन आहे. झोपताना मात्र स्प्लिंट रोज घालते. महिना झाला तरी काहीच फरक नव्हता, तेव्हा भाचीने फ्रान्समधल्या २००९ च्या एका चाचणीबद्दल सांगितलं. अंगठ्याच्या सांध्याला रात्रीची स्प्लिंट लावलेल्यांना महिन्याअखेरी फरक दिसला नव्हता, वर्षाअखेरी दुखणं कमी झालेलं होतं. मला मार्गशीर्षाच्या सुमारास जाणवायला लागलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण आता मी उघडते, सून नाही.

घेताना दोन गोष्टी विचारून घ्या. गुडघ्याच्या वर, मधोमध आणि खाली अशी तिन्ही मापं टेपने घेतात का, आणि घरी नेल्यावर बदलून देतात का. ब्रेसचं वेल्क्रो आमच्यासारख्यांकडे पिठाने लवकर मरतं. जुन्या दातांच्या ब्रशने घासून काही महिने ढकलता येतात, पण नुसते पट्टे वेगळे मिळतात का हे बिल करण्याआधीच विचारा. माझ्या दुकानदाराने आधी हो म्हटलं होतं, आता म्हणतो अख्खा ब्रेसच घ्या.