सहा कॅरेटचे खडे आणि वजन १२० मिलिग्रॅम? सोन्याचं बिल सही करण्याआधी हे वाचा

११,४१३ रुपये २२ पैसे. एवढे पैसे मी नकली खड्यांचे सोन्याच्या भावाने मोजले. काट्यात मारणं, सोन्यात खोट, बनावट हॉलमार्क हे प्रकार सगळ्यांनाच ठाऊक आहेत. मी तेच सगळं तपासत बसले आणि सराफाच्या पेढीवाल्यांनी भलत्याच ठिकाणी हात मारला.

मुलीच्या लग्नासाठी २२ कॅरेट सोन्याचा, खडे बसवलेला नेकलेस घेतला. भाव ग्रॅमला ९,०००, मजुरी १४ टक्के, त्यावर ३ टक्के जीएसटी. काट्यावर २४.३२० ग्रॅम भरला, ते वजन खरंच होतं. एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा हॉलमार्कचा क्रमांक, तिथेच सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहिला, बरोबर निघाला. हॉलमार्किंगचे ४५ रुपयेसुद्धा बिलात वेगळे दाखवलेले. इतक्या चोख बिलावर संशय कोण घेणार?

खड्यांचं वजन वजा करून उरलेल्या सोन्याचेच पैसे द्यायचे असतात. काउंटरवरच्या मुलाने भराभर वाचून दाखवलं, "ग्रॉस चोवीस तीनशे वीस, लेस एकशे वीस, नेट चोवीस दोनशे." मी मान डोलावली. विहीणबाई शेजारी बसल्या होत्या, चहा आला होता, मुलगी आरशासमोर. तिथे कॅल्क्युलेटर काढून बसणारी बाई मला दाखवा.

खटकायला हवं होतं ते त्याच बिलावर होतं, चार बोटांच्या अंतरावर. वरच्या ओळीत खड्यांचं वजन ०.१२० ग्रॅम. खालच्या ओळीत त्याच खड्यांची किंमत: ६.०० कॅरेट, दर २५०, एकूण १,५०० रुपये. खड्याचा एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सहा कॅरेट म्हणजे १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे १.२०० ग्रॅम. पैसे घेताना खडे सहा कॅरेटचे आणि वजा करताना त्याच्या दहाव्या हिश्शाचे! त्या मुलाने खरं वाचलं असतं तर "एक दोनशे" म्हणाला असता. "एक दोनशे" आणि "एकशे वीस", घाईत ऐका आणि सांगा फरक कळतो का. मी आयुष्यभर पतसंस्थेत कॅश मोजली आहे, आकड्यांना घाबरणारी नाही. पण एका ओळीत ग्रॅम, दुसरीत कॅरेट, तोंडी मिलिग्रॅम, आणि त्यात सोन्याचा कॅरेट वेगळा, शुद्धतेचा, आणि खड्याचा वेगळा, वजनाचा. हे गिऱ्हाइकाने गोंधळावं म्हणूनच असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशोब करा. १.०८० ग्रॅम जादा, त्याचे ९,७२०. त्यावर मजुरी १,३६०.८०. वर जीएसटी ३३२.४२. जे सोनं नव्हतंच, त्याची घडणावळसुद्धा मीच भरली.

उघडकीला आलं ते एक खडा निसटला म्हणून. आमच्या गल्लीतल्या जुन्या सोनाराकडे बसवायला नेला. त्यांनी बिल पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ताई, चोवीस खडे आणि सगळ्यांचं मिळून वजन एक गुंज?" (गुंज म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम.) सुटा खडा काट्यावर टाकला तर ०.०५० दाखवलं. एक खडा ५० मिलिग्रॅम, बिलाप्रमाणे हवा ५. वर म्हणाले, "हाच नेकलेस मोडायला न्या, मग बघा खड्यांचं वजन कसं पुरेपूर कापतात."

पेढीत गेले तर "मॅडम, टायपिंगमध्ये पॉइंट इकडचा तिकडे झाला असेल." म्हणून नणंदेचं त्याच पेढीचं बिल काढलं. खडे ३.५० कॅरेट, वजा ०.०७० ग्रॅम. व्हायला हवे होते ०.७००. म्हणजे यांच्याकडे कॅरेट २० मिलिग्रॅमचाच असतो! पॉइंट दरवेळी त्यांच्याच गल्ल्याकडे सरकतो का? (बिल घरी गेल्यावर नव्हे, काउंटरवरच पाहा. कॅरेटला पाचाने भागा, ग्रॅम मिळतात.)

आता सरकारी कामाची तऱ्हा ऐका. वजनमापांचं काम पाहणाऱ्या कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, काट्यावर पडताळणीचा शिक्का चालू आहे, काटा बरोबर आहे, बिलातली बेरीज-वजाबाकी आमच्याकडे येत नाही. अहो, काटा चुकीचा आहे असं मी म्हटलंच कुठे? शुद्धता पाहणाऱ्यांचं उत्तर, ९१६ (म्हणजे २२ कॅरेट) आहे ना, मग आमचा विषय संपला. पोलीस म्हणाले, हे दिवाणी आहे, आणि वर, "सही करताना वाचलं नाही का?" काटा खरा, सोनं खरं, सही खरी, मग माझे पैसे गेले कुठे, हे सांगायला एकही खातं नाही. प्रत्येक जण फक्त शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवतो. अर्ज दोन प्रतींत आणा म्हणाले, आणला; पोच मागितली तर शिक्का मारणारा रजेवर!

हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहिणं बंधनकारक आहे. कच्च्या चिठ्ठीवर घेऊ नका, माझ्या हातात पक्कं बिल होतं म्हणून तर भांडता येतंय. काट्याचा आकडा मोबाईलवर टिपून घ्या, कोणाला काय वाटायचं ते वाटू दे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. नणंदेची मुदत उलटून गेली आहे. माझी नाही, कागद तयार आहेत.

परवा पेढीतून फोन आला, "काकू, दहा ग्रॅमचं चांदीचं नाणं देतो, विषय मिटवू या." मी म्हटलं, ११,४१३ चा चेक द्या, आणि नणंदेचाही हिशोब सोबत आणा.