आर्गोच्या इंजिनाखालची चार रबरं

‘हेवी ड्यूटी’ असं लिहिलेलं बघून इंजिन माउंटिंग घेणार असाल तर जरा थांबा. माझ्या जुन्या सहाचाकी आर्गोला मी साधी, ५५ शोरची (शोर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप), निओप्रीन या कृत्रिम रबराची माउंटिंग लावली आहेत. इथल्या, म्हणजे कॅनडातल्या किचनरमधल्या एका औद्योगिक सामानाच्या दुकानातून घेतली, खोक्यावर गाडीचं नावसुद्धा नाही. मधे रबराचा गोल ठोकळा, दोन्ही तोंडांना चिकटवलेली लोखंडी चकती आणि तिच्यातून निघालेला तीन सूत, म्हणजे ३/८ इंच जाडीचा आट्याचा स्टड. भोसरीला असताना कंप्रेसरखाली आम्ही हीच लावायचो. पाचपैकी चार तारे.

आर्गो ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑन्टारियोतल्या न्यू हॅम्बर्गला १९६७ साली पहिली बनली. चाकं सहा किंवा आठ, आणि एकही वळत नाही. एका बाजूची रोखली की गाडी फिरते. खालचं अंग म्हणजे प्लास्टिकची अखंड होडी. तळ्यात घातली की तरंगते आणि फिरत्या टायरांच्या खाचांवरच पुढे सरकते.

आता माउंटिंगचं बघा. माझ्या गाडीत गिअरबॉक्स चॅसिसला पक्का आवळलेला आणि इंजिन चार रबरांवर. दोघांच्या मधे बेल्ट. भार आला की बेल्ट इंजिनाला गिअरबॉक्सकडे ओढतो. रबर थकलं की इंजिन तिकडे कलतं, दोन पुल्या एका रेषेत राहत नाहीत आणि बेल्ट एका कडेने खायला लागतो. कव्हर उघडलं तर आत काळी भुकटी, बेल्टची एक कड चकचकीत. लोक बेल्ट बदलतात, मग तोही जातो, मग बेल्टवाल्याला शिव्या. इंजिन बंद करताना शेवटी जो धडाका बसतो त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तपासायला सोपं आहे: इंजिन बंद ठेवून टॉमीने (लोखंडी दांड्याने) एकेक कोपरा हलकाच उचला. रबर आणि चकतीत फट दिसली की माउंटिंग गेलं. माझी गिअरबॉक्सकडची दोन्ही सुटली होती, वर तेलाने फुगून लिबलिबीत झालेली. होडीत गळलेलं तेल, पाणी, गाळ सगळं तिथेच साचतं, जाणार कुठे? म्हणून निओप्रीन. नैसर्गिक रबर हादरे छान पितं, पण तेलापुढे टिकत नाही.

शेजाऱ्याने त्याच्या आर्गोला ७० शोरची ‘हेवी ड्यूटी’ बसवली. मी चालवून बघितली. वेगात ठीक, पण आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, हँडलवर हाताला मुंग्या येतात आणि कुठला ना कुठला पत्रा वाजत राहतो. रबर जितकं कडक तितकी त्यावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या वर जाते. हादऱ्यांची गती त्या संख्येच्या साधारण १.४ पट झाली तरच रबर ते अडवतं, त्याखाली उलट वाढवतं. त्याचं आयडल नेमकं तिथे सापडलंय.

बसवायचं काम कष्टाचं नाही, किचकट आहे. खाली प्लास्टिक, त्यामुळे जॅक लावायला जागा नाही. दोन्ही काठांवर आडवी जाड फळी टाकून रॅचेट पट्ट्याने इंजिन वरून पेललं आणि एकेक माउंटिंग बदललं. त्याआधी सायलेन्सरचे क्लॅम्प ढिले करा आणि ते सगळ्यात शेवटी आवळा, नाहीतर इंजिन नव्या जागी बसताना पाइप फ्लँजपाशी चिरतो. नट आवळताना चकती पकडीने धरून ठेवा. पिळलेलं रबर लवकर सुटतं. नवं माउंटिंग घेताना उंची व्हर्नियरने मोजूनच घ्या, फुगलेल्या जुन्यावरून माप काढू नका. शेवटी दोन्ही पुल्यांवर सरळ पट्टी धरून बघा.

चालवल्यावर बंद करतानाचा धडाका गेला आणि बेल्ट मधोमध चालतोय. उणीव थंडीत कळते. उणे वीसला निओप्रीन आखडतं, सकाळी इंजिन तापेपर्यंत गाडी कुरकुरते. पण तारा त्यासाठी नाही कापला, ते रबराच्या जातीतच आहे. तारा कापला तो संचात नट-वॉशर देत नाहीत म्हणून. नायलॉकचे (हादऱ्याने न सुटणारे) नट वेगळे घ्यावे लागले, आणि दुकान शनिवारी दुपारी बंद.