रब्बीला ज्वारी पेरू की गहू?

शिरूर, दौंड, बारामतीच्या जिरायती पट्ट्यात गप्पांना बसलं की एकच बोलणं ऐकू येतं: पावसाला आता काळवेळ राहिली नाही. हस्ताच्या पावसावर ज्वारी, दिवाळीच्या आसपास गहू, हे वडिलांचं गणित चुकायला लागलंय. 2019 साली तर मान्सून देशातून परतायला लागला तोच 9 ऑक्टोबरला.

ज्वारीची अडचण इथेच आहे. तिची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, आणि नेमका तेव्हाच रानाला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येत नाही. एका वर्षी आम्ही ऑक्टोबरअखेर पेरली आणि खोडमाशीने रान धरलं. पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, ओढला की अलगद हातात यायचा, बुडाला कुजका वास. पण वेळेवर उगवून आली तर ती जमिनीतल्या ओलीवर निघते; पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, एक पाणी मिळालं तर विचारायलाच नको. वाण म्हणाल तर हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. मालदांडी वाणाच्या भाकरीला तोड नाही, मात्र ती उंच वाढते आणि वादळवाऱ्यात लोळते. काढणीला मजूर मिळणं अवघड, हेही खरं. तरी दावणीला जनावरं असतील तर कडब्यासाठी मी ज्वारीच पेरीन.

गव्हाला परतीचा पाऊस फारसा आडवा येत नाही, काढणीही यंत्राने होते. त्याचा घात होतो तो दाणा भरताना. 2022 चा मार्च 1901 पासूनचा देशातला सर्वांत तापलेला मार्च होता. तशा उन्हात लोंबी तळहातावर चोळली की चिमलेले, हलके दाणे हाती येतात. म्हणून 1 ते 15 नोव्हेंबर ही पेरणीची वेळ सोडू नका. पुढच्या दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलच्या आसपास उतारा घटतो. उशीर झालाच तर फुले समाधान हा वाण घ्या. पाणी पाच-सहा वेळा लागतं. एक-दोनच देता येणार असेल तर नेत्रावती हा वाण.

तेव्हा बाजारभावाआधी विहीर बघा. फेब्रुवारीत मोटर दोन तासही चालत नसेल तर गव्हाच्या नादी लागू नका.

माझं यंदाचं ठरलंय: दोन एकर ज्वारी, विहिरीलगत अर्धा एकर गहू. 20 ऑक्टोबरपर्यंत वाफसा आला नाही, तर ज्वारीच्या रानात हरभरा.