शाळा कोण चालवतो आणि नियम कोण करतो: शिक्षणातील बाजारीकरणाच्या वाटांचा तुलनात्मक आढावा

शिक्षणात बाजार असावा की नसावा, अशा ठोक स्वरूपात प्रश्न कोणत्याही समितीसमोर येत नाही. समोर येतो तो एखादा मसुदा: अनुदान शाळेऐवजी विद्यार्थ्यामागे द्यावे, काही सरकारी शाळा करारावर खासगी संस्थांकडे सोपवाव्यात, परदेशी विद्यापीठांना परवानगी द्यावी किंवा निकालानुसार शाळांची क्रमवारी जाहीर करावी. अशा मसुद्यावर मत द्यायचे असलेल्या शिक्षकाला, विश्वस्ताला, पालक प्रतिनिधीला किंवा लोकप्रतिनिधीला उपयोग व्हावा म्हणून येथे काही देशांचे अनुभव शेजारी शेजारी ठेवले आहेत. माझे मत आधीच सांगतो. प्रवेश कोण ठरवतो, अनुदान घेऊन वर शुल्क आकारता येते का आणि वर्षाअखेरीस शिल्लक राहिलेला पैसा कोठे जातो, या तीन कलमांचा परिणाम शाळेच्या मालकीपेक्षा मोठा असतो. त्यामुळे मसुदा हाती आला की प्रस्तावना सोडून आधी ही तीन कलमे शोधावीत.

बाजारीकरण आणि खासगीकरण हे दोन शब्द चर्चेत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण प्रत्यक्षात एकाशिवाय दुसरे घडू शकते. इंग्लंडने १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने शाळा कोणाला विकल्या नाहीत. पालकांना शाळा निवडण्याची मुभा दिली, शाळेचा निधी मुख्यतः पटसंख्येला जोडला, आणि १९९२ पासून निकालांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. शाळा सार्वजनिकच राहिल्या, मात्र त्यांना एकमेकींशी स्पर्धा करावी लागली. याउलट नेदरलँड्समध्ये १९१७ च्या घटनादुरुस्तीपासून सरकारी आणि खासगी शाळांना समान सार्वजनिक निधी मिळतो, आणि सुमारे दोन तृतीयांश मुले खासगी मंडळांनी चालवलेल्या शाळांत शिकतात. तरीही तेथे अनुदानित शाळा नफ्यासाठी चालवता येत नाही आणि सक्तीचे शुल्कही घेता येत नाही. खासगी व्यवस्थापन म्हणजे धंदा, असे समीकरण मांडणाऱ्याने नेदरलँड्सचे काय करायचे ते आधी ठरवावे.

विद्यार्थ्यामागे अनुदान: चिली आणि स्वीडन

पालकाच्या हाती व्हाउचर (मुलामागच्या सरकारी अनुदानाची चिठ्ठी) द्यावे आणि त्याने हवी ती शाळा निवडावी, ही कल्पना अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली. देशभर तिचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो चिलीमध्ये. लष्करी राजवटीने १९८१ पासून सरकारी शाळा नगरपालिकांकडे वर्ग केल्या आणि मुलामागे ठरलेली रक्कम नगरपालिकेच्या आणि खासगी शाळेला सारख्याच दराने देण्यास सुरुवात केली. लोकशाही परतल्यावरही व्यवस्था कायम राहिली. उलट १९९३ मध्ये अनुदानित खासगी शाळांना पालकांकडून वरकड शुल्क घेण्याची वाट अधिक मोकळी करून देण्यात आली. सुरुवातीला तीन चतुर्थांशांहून अधिक मुले सार्वजनिक शाळांत होती. तीन दशकांनंतर हे प्रमाण निम्म्याच्याही बरेच खाली आले.

पालकांनी भरभरून निवड केली, म्हणजे प्रयोग यशस्वी झाला का? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने वेगवेगळ्या पालिका क्षेत्रांची तुलना केली. जेथे खासगी शाळा अधिक वेगाने वाढल्या, तेथे सरासरी गुणवत्ता अधिक वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही; मात्र सुस्थितीतील घरांची मुले सार्वजनिक शाळांतून बाहेर पडल्याचे स्पष्ट दिसले. कारण समजायला अवघड नाही. शाळेला प्रवेशपरीक्षा, पालकांची मुलाखत आणि वरकड शुल्क ही तीन साधने दिली, तर अध्यापन सुधारण्यापेक्षा शिकवायला सोपी मुले गोळा करणे स्वस्त पडते. पालक शाळा निवडतात असे कागदावर लिहिलेले असते. प्रत्यक्षात निवड शाळाच करते.

विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आधी २००६ मध्ये आणि मग २०११ मध्ये. २००८ मध्ये गरीब मुलांसाठी जादा अनुदान आले आणि २०१५ च्या कायद्याने अनुदानित शाळांतील नफा, वरकड शुल्क आणि प्रवेशातील निवड ही तिन्ही टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की व्हाउचर रद्द झाले नाही. मुलामागे अनुदान आजही आहे. बदलली ती भोवतालची कलमे.

स्वीडनने १९९२ मध्ये व्हाउचर आणले ते वेगळ्या पायावर. वरकड शुल्कावर १९९७ मध्ये बंदी आली, आणि गुणांवर प्रवेश देण्याची मुभा अनिवार्य शिक्षणाच्या टप्प्यावर सर्वसाधारणपणे नाही. मात्र तेथे नफ्यावर बंदी नाही. मर्यादित दायित्वाच्या खासगी कंपन्या शाळा चालवतात आणि त्यांतील काहींचे समभाग शेअर बाजारात आहेत. शिवाय प्रवेशासाठी प्रतीक्षायादीतील ज्येष्ठता ग्राह्य धरली जाते. वरकरणी यात गैर काहीच दिसत नाही. पण बाळ जन्मल्यावर लगेच नाव नोंदवणारे घर आणि नुकतेच त्या देशात आलेले, व्यवस्थेची माहिती नसलेले घर या यादीत एका पातळीवर उभे राहूच शकत नाही. शुल्क न घेताही चाळणी लावता येते, हे स्वीडनकडून शिकावे.

नफ्याच्या कलमाचा परिणाम २०१३ मध्ये दिसला. जेबी एज्युकेशन ही गुंतवणूक कंपनीच्या मालकीची मोठी शाळासाखळी दिवाळखोरीत निघाली आणि हजारो विद्यार्थ्यांची सोय दुसरीकडे लावावी लागली. तोट्यातील दुकान बंद होणे हा बाजाराच्या शिस्तीचा भाग मानला जातो, पण शाळा बंद पडते तेव्हा मधल्या वर्षात अडकलेल्या मुलाला ते वर्ष पुन्हा मिळत नाही. आणखी एक बाब कमी बोलली जाते: स्वीडनमध्ये अंतिम गुण शाळेतले शिक्षकच देतात. पटासाठी स्पर्धा करणाऱ्या शाळेच्या हातीच गुणदान असेल, तर हात सैल सोडण्याचा मोह होणार, हे सांगायला संशोधनाची गरज नव्हती. तरी तेथे त्यावर बराच वाद झाला.

दोन्ही देशांना लागू पडणारा एक हिशेब मसुद्यांत हमखास गाळलेला असतो. समजा, तीस मुलांच्या वर्गातून चार मुले शेजारच्या शाळेत गेली. त्या चार मुलांचे अनुदान लगेच जाते. पण वर्गशिक्षकाचा पगार, इमारतीची देखभाल आणि वीजबिल तेवढेच राहते, कारण चार मुले गेली तरी वर्ग चालवावाच लागतो. उरलेल्या सव्वीस मुलांवरचा खर्च मग ग्रंथालय, प्रयोगशाळा किंवा विशेष शिक्षक यांतून कापला जातो. पुढच्या वर्षी आणखी पालक दाखला काढून नेतात. स्पर्धेने कमकुवत शाळा सुधारेल हे गृहीतक येथे अडखळते, कारण सुधारायला पैसा लागतो तेव्हाच तो निघून गेलेला असतो. मसुद्यात पटघटीच्या काळासाठी किमान निधीची हमी नसेल, तर तो मसुदा अपुरा समजावा.

करारावर शाळा: लायबेरिया आणि इंग्लंडच्या अकादमी

दुसरी वाट म्हणजे शाळा सार्वजनिक मालकीची ठेवून चालवायला देणे. लायबेरियाने २०१६ मध्ये ९३ सरकारी शाळा आठ संस्थांकडे सोपवल्या, आणि तुलनेसाठी सोडत पद्धतीने शाळा निवडून मूल्यमापनही केले. पहिल्याच वर्षात मुलांच्या शिकण्यात मोजता येईल अशी वाढ दिसली. शिक्षकांची हजेरी सुधारली. विरोधकांनी हा निष्कर्ष नाकारू नये. पण त्याच मूल्यमापनात हेही आढळले, की प्रतिविद्यार्थी खर्च नेहमीच्या शाळांपेक्षा बराच जास्त होता, संस्थासंस्थांमध्ये मोठा फरक होता, आणि एका संस्थेने वर्गाची मर्यादा सांभाळण्यासाठी जादा मुले बाहेर काढली व जुने शिक्षक इतरत्र पाठवले. आपल्या शाळेचा निकाल सुधारला आणि प्रश्न शेजारच्या शाळेच्या दारात गेला, तर एकूण व्यवस्थेने काय कमावले? करारात पटावरील प्रत्येक मुलाला ठेवून घेण्याची अट नसेल तर हे घडणारच.

इंग्लंडमध्ये पहिल्या अकादमी, म्हणजे सरकारी निधीवर न्यासांनी चालवलेल्या शाळा, २००२ मध्ये सुरू झाल्या आणि २०१० च्या कायद्याने त्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्या चालवणारे न्यास नफा न कमावणारे असतात, त्यामुळे तिसऱ्या कलमाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. उरतो तो उत्तरदायित्वाचा: स्थानिक निवडून आलेल्या मंडळाऐवजी शाळा थेट केंद्र सरकारशी करार करते, आणि तक्रार घेऊन जायचे दार पालकापासून लांब जाते.

स्पर्धेशिवाय: फिनलंड, आणि एक सावधगिरी

बाजाराला पर्याय म्हणून हटकून फिनलंड दाखवला जातो. तेथे १९७० च्या दशकात सर्वांसाठी समान शाळा आली, शिक्षकाला पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली, शाळांची क्रमवारी लावली जात नाही आणि मूलभूत शिक्षणात नफ्याला वाव नाही. हे सारे खरे असले तरी, स्वीडनची घसरण आणि फिनलंडचे यश एवढ्यावर निकाल देणे घाईचे आहे. पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय तुलनात्मक चाचणीत गणितात स्वीडनला २००३ मध्ये ५०९, २०१२ मध्ये ४७८ आणि २०१८ मध्ये ५०२ गुण मिळाले. फिनलंड २००३ मध्ये ५४४ वर होता तो २०२२ मध्ये ४८४ वर आला, आणि त्या वर्षी स्वीडन ४८२ वर होता. व्यवस्था इतक्या वेगळ्या असूनही दोघे शेजारी येऊन बसले. तेव्हा व्हाउचरमुळेच गुण घसरले किंवा समान शाळेमुळेच वाढले, असे या आकड्यांच्या आधारे कोणी सांगत असेल तर त्याला थांबवावे. मुलांची सामाजिक-आर्थिक स्तरांनुसार विभागणी किती वाढली, हा निकष मला अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि त्यावर फिनलंडची बाजू चिलीपेक्षा स्पष्टपणे वरचढ आहे.

सीमेपलीकडून येणारा दबाव

जागतिकीकरण धोरणात शिरते ते बहुधा मोजमापाच्या वाटेने. २००० मध्ये पिसा सुरू झाल्यावर जर्मनीसारख्या आत्मविश्वासू देशालाही पहिल्या निकालांनी हादरवले आणि तेथे राष्ट्रीय मानके आली. शुल्काच्या बाबतीत मात्र याच जर्मनीने दाखवून दिले, की प्रवाह एकाच दिशेने वाहत नाही. इंग्लंडमध्ये विद्यापीठ शुल्क १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंड होते, त्याची मर्यादा २००६ मध्ये ३,००० आणि २०१२ मध्ये ९,००० पौंड झाली. स्पर्धेमुळे शुल्कात वैविध्य येईल ही अपेक्षा फोल ठरून बहुतेक विद्यापीठे वरच्या मर्यादेला जाऊन टेकली, कारण कमी शुल्क म्हणजे कमी दर्जा असा अर्थ लावला जाण्याची भीती प्रत्येकाला होती. जर्मनीतील काही राज्यांनी त्याच सुमारास शुल्क लावले आणि २०१४ पर्यंत ते सर्वत्र मागे घेतले.

गरीब देशांवरील दबाव वेगळा होता. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्जाच्या अटींच्या काळात प्राथमिक शाळांतही शुल्क आले. मलावीने १९९४ मध्ये ते काढून टाकताच पट सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांच्या आसपास गेला. शुल्काने किती मुले बाहेर ठेवली होती, याचा याहून थेट पुरावा क्वचित मिळतो. मात्र शिक्षक आणि वर्गखोल्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, आणि खचाखच भरलेल्या वर्गांना कंटाळून ज्यांना परवडले ते कमी शुल्काच्या खासगी शाळांकडे वळू लागले. अनेक देशांत खासगीकरण कोणत्याही मसुद्याशिवाय, असे सरकारी हात आखडल्यामुळेच झाले आहे.

मागे फिरता येते का

निर्णय घेणाऱ्याने हा प्रश्न शेवटी ठेवू नये, कारण वाटांमधील मोठा फरक येथेच आहे. न्यूझीलंडने १९९१ मध्ये शाळांच्या प्रवेशहद्दी रद्द केल्या आणि दशकअखेरीस त्या परत आणल्या. तो नियम होता, म्हणून बदलता आला. करार मुदतीचा असेल तर मुदत संपल्यावर फेरविचार होतो. चिलीला व्हाउचरभोवतीची कलमे बदलायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला, कारण तोवर त्या व्यवस्थेवर उपजीविका असलेले संस्थाचालक आणि तिची सवय झालेले पालक दोन्ही तयार झाले होते. सर्वांत घट्ट गाठ व्यापार कराराची असते. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या सेवा व्यापार करारात शिक्षण हे एक सेवाक्षेत्र आहे. सरकारी अधिकारात, व्यापारी तत्त्वावर नसलेल्या आणि कोणाशी स्पर्धा न करणाऱ्या सेवा त्यातून वगळल्या आहेत. पण सरकारी संस्थाच शुल्क घेऊन स्पर्धेत उतरल्या तर ही सूट किती टिकेल, यावर कायदेतज्ज्ञांत मतभेद आहेत. एकदा दिलेली बांधिलकी तीन वर्षांनंतरच मागे घेता येते, आणि तीही बाधित देशांना भरपाई म्हणून दुसरी सवलत देऊन. म्हणून परदेशी विद्यापीठांना परवानगी द्यायचीच असेल तर ती देशांतर्गत कायद्याने द्यावी, करारातील बांधिलकी म्हणून नव्हे. आणि व्हाउचर व कंत्राट यांत निवड करण्याची वेळ आली तर, पट टिकवण्याच्या अटीसह थोड्या शाळांवरचे, मुदतीचे कंत्राट आधी करून पाहावे.