भिंतीवर कोणती राणी?

फोंड्यातल्या आमच्या वाचनालयात मुलींच्या अभ्यासिकेसाठी एका राणीच्या चित्राची मोठी प्रत लावायची आहे. दोन चित्रं समोर आहेत.

एक राजा रविवर्मांचं, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंचं. रविवर्मा १८८१ साली बडोद्याला गेले आणि तिथल्या राजघराण्याची चित्रं तैलरंगात रंगवली. छायाप्रकाश असा साधलाय की जर आणि मोती हाताला लागतील असं वाटतं. पण हे सगळं वैभव बाईला स्थिर बसवतं.

दुसरं नूरजहाँचं, जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसनचं म्हणून ओळखलं जाणारं. मुघल जनान्यातल्या बायका चित्रकारांच्या सहसा दृष्टीस पडत नसत, म्हणून लघुचित्रांत बरेचदा एकाच साच्यातले चेहरे दिसतात. इथे मात्र ती उभी राहून लांब बंदुकीत बार ठासतेय. एका हातात नळी, दुसऱ्यात गज. दागिने आहेत, पण नजर आधी हातांकडे जाते. तिने सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याचं खुद्द जहांगीरने लिहून ठेवलंय.

रंगकामात रविवर्मा सरस, यात वादच नाही. तरी माझं मत नूरजहाँला. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉयांची रांगच्या रांग बघून आल्यावर माझ्या भाचीने विचारलं होतं, "मावशी, हांगा एकूय बायल ना?" (इथे एकही बाई नाही?) तिला दाखवायला मला हेच चित्र हवंय, दारासमोरच्या भिंतीवर.